ठेकेदाराची हरकत

भामरागडच्या जंगलात माडिया लोकांनाच न्यायदानाचं प्रशिक्षण देऊन गावात न्यायालय सुरू झालं आणि न्यायासनावर मैनी पुंगाटी बसली. पहिलाच खटला ठेकेदार बोरकुट्यांचा निघाला. म्हाताऱ्या जुरी तेलामीने अंगठा दिलेला करार दाखवून ते तिची मोहाची झाडं तोडायला आले होते.

कामकाज माडिया भाषेत सुरू होताच ठेकेदार उसळले, "मला यातलं अक्षर कळत नाही. न कळलेल्या भाषेतलं काहीएक मी मानणार नाही!"

सगळं गाव मैनीकडे पाहू लागलं.

"बरोबर आहे तुमचं," ती मराठीत म्हणाली. "न कळलेलं कुणावर लादता येत नाही. मान्य?"

"अगदी मान्य!"

"मग हा मराठी करार जुरीबाईंना माडियात कुणी समजावला?"

"समजवायचं कशाला? अंगठा दिला ना तिनं!"

"म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे करार रद्द. झाडं जुरीबाईंचीच."

ठेकेदारांनी कराराचा कागद घाईने खिशात कोंबला.

"निकाल माडियात लिहिला जाईल; तो मराठीत समजावायला तुम्हाला दुभाष्या देते," मैनी म्हणाली. "आम्हाला तो कधी मिळाला नाही. इथे मात्र प्रत्येकाला मिळेल."