भरलेला सेल

चार्ज करून वापरायचे सेल घरोघरी नवे होते, तेव्हाची गोष्ट. मंदाकाकूंच्या ड्रॉवरमध्ये असाच एक, वापरून जुना झालेला सेल होता. चार्जरने हिरवा दिवा लावून त्याला सांगितलं, "भरलास." सेल तपासायच्या टेस्टरनेही काटा हलवून मान डोलावली, "अगदी काठोकाठ."

काकू त्याला छोट्या टॉर्चमध्ये घालून मोदकपात्र शोधायला माळ्यावर चढल्या. पात्राला हात लागायच्या आत उजेड गेला. "मेल्याने दगा दिला," म्हणत त्या चाचपडत उतरल्या आणि त्यांनी सेल पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकला.

सेलला काही कळेना. चार्जर म्हणाला, "माझा दिवा हिरवाच होता, खोट टॉर्चमध्ये असेल." टेस्टर म्हणाला, "माझा काटा अजूनही वर जातोय."

"मग मी भरलेला की रिकामा?" सेलने टॉर्चला विचारलं.

"ते मला नाही सांगता येत," टॉर्च म्हणाली. "पण तुला भरलेला म्हणण्याआधी या दोघांनी तुझ्याकडून काही काम करून घेतलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी नवा टेस्टर आणला. त्याला काटा नव्हता, एक बारकासा दिवा होता आणि तो सेललाच पेटवून दाखवावा लागे.

"घाबरू नकोस," जुना टेस्टर हळूच म्हणाला, "मी आहे ना, तुला भरलेलाच म्हणेन."

सेलला पहिल्यांदाच जुन्या टेस्टरची भीती वाटली.