न वाचलेलं पुस्तक

आमच्या वाचनालयात मी तीस वर्षं शिपाई आहे. शिक्षण चौथीपर्यंत. तरी लोक विचारतात, "रावजीकाका, आज काय वाचू?" आणि मी सांगतो. बायको गेल्यापासून दिवसभरात माझं तेवढंच बोलणं होतं.

कमिटीतले जुने टिपरेसाहेब यंदा अध्यक्ष झाले. त्यांना हे खटकलं. वाचकांदेखत म्हणाले, "रावजी, चौथी शिकलेला तू पुस्तकं सुचवतोस? इथलं प्रत्येक पुस्तक मी वाचलंय. न वाचलेलं एक तरी मला दे. नाही जमलं, तर उद्यापासून नुसती झाडलोट. वाचकांशी बोलायचं नाही."

मी उठलो. खिळ्याला सुतळीने बांधलेली सूचनावही सोडली आणि त्यांच्या हातात दिली.

"ही घ्या, साहेब. अकरा वर्षं लोक लिहितायत. कमिटीने वाचून खाली सही करायची असते. अजून एकही सही नाही."

मागे कुणीतरी हसलं. साहेब उभ्यानेच पानं उलटू लागले. म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरांची पुस्तकं हवी होती. मुलांना गोष्टींची पुस्तकं हात पोचेल अशा फळीवर हवी होती. मग साहेबांनी खुर्ची ओढली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही घरी नेतो. तुम्ही बसा तुमच्या जागेवर, काका."

माझी जागा राहिली. पण त्या वहीत माझ्या बायकोच्या हातची एक ओळ आहे : 'खिडकीपाशी बायकांसाठी एक बाक असावा.' वाचनालय बंद करताना मी ती रोज वाचतो.

त्या संध्याकाळी खिळ्याला नुसती सुतळी होती.