मायखिंडीतलं रिकामं फडकं

ही मायखिंड. पाव्हणं, आमच्या गावात कुणाही बाईच्या हातातलं गाठोडं सोडून बघा, फडकं रिकामं सापडायचं नाही. शिदोरी पोचवून परततानाही त्यात चार दाणे बांधतात. तेही नसले तर अंगणातला खडा. हसू नका, तेवढा एक खडा नव्हता म्हणून एका आईचा जीव गेलाय.

असं सांगतात, की ठकूबाईला एकच लेक, सुंदरा, ती खिंडीपलीकडं दिलेली. लग्नात ठकूबाईनं चिंध्या जोडून, काठाला मोर भरून तिला एक फडकं शिवून दिलं. त्यातून इकडून कानवले जायचे, तिकडून हुरडा यायचा. फडकं भरलेलं आलं की लेक सुखात आहे, एवढंच ठकूबाईला कळायचं. कारण त्या काळी सासरहून रिकामं फडकं एकाच वेळी धाडत, लेक वारली की.

सुंदराला हे ठाऊकच नव्हतं. असलं अभद्र लेकीला सांगतं कोण?

पंचमीच्या तोंडावर एक परमुलखातला कासार इकडं यायला निघाला. सुंदरानं फडकं धुऊन त्याच्याकडं दिलं. म्हणाली, "मामा, आईला काही सांगू नका हं. परवा मीच दारात उभी राहणार, मग आणि काय बांधू?"

दुसऱ्या दिवशी कासार आला, तर ठकूबाई रानात. बिचारा फडकं उंबऱ्यावर ठेवून पुढच्या गावाला गेला.

भर दुपारी ठकूबाईनं ते पाहिलं. मन चिंती ते वैरी न चिंती! ती रडली नाही म्हणे. वारलेल्या लेकीला माहेरचं लुगडं नेसवायचं असतं. तिनं हिरवं लुगडं त्याच फडक्यात बांधलं आणि पाण्याचा घोटही न घेता खिंड चढू लागली.

तिसऱ्या दिवशी सुंदरा सासरच्या एका म्हातारीसोबत खिंडीत आली. आई दगडाला टेकून बसलेली. "अगं बया, सामोरी आलीस होय!" म्हणत ती धावली, गळ्यात पडली. अंग गार होतं. मांडीवरचं गाठोडं सुटलं. म्हातारीनं लुगडं ओळखलं, आणि ते कुणासाठी होतं हे सुंदराला तिलाच सांगावं लागलं.

तेव्हा सुंदरानं फोडलेला हंबरडा दोन्ही गावांनी ऐकला म्हणतात, "आये, मी जिती हाय गं!"

आजही माहेरी येणारी लेक इथं थांबून तसंच ओरडते. खाली गावात कुणाची तरी आई हातातलं काम टाकून ओ देते. लेक तिची नसली तरी देते.