मिठ्याचा धोंडा

पूर्णेच्या काठी निमखार नावाचं गाव आहे. आता त्याला गाव म्हटलेलं तिथल्या लोकांना खपत नाही. तालुक्याचं ठिकाण झालं, जिनिंग आल्या, चौकात सिग्नल लागला. तो चालू असलेला कुणी पाहिला नाही, ते सोडा. पण चंपाषष्ठीला हे अख्खं शहर नदीच्या वाळूत उतरतं. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे शिजतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, आणि सागवानी डोण्यांत मुसळांनी भरीत कुटतात, त्याचा आवाज पार बसस्टँडपर्यंत येतो. पाहुणा दिसला की त्याला हाताला धरून पंगतीत बसवतात. फक्त एक आहे. भरीत अळणी असतं. मीठ घेऊन एक म्हातारी मागून येते आणि प्रत्येकाला विचारते. तिला ‘नको’ म्हणायचं नाही.

पंगतीची व्यवस्था पाहणारे तुळशीरामजी गावंडे पाहुण्यांना हे आधीच बजावून ठेवतात. एका वर्षी नागपूरच्या कुणा साहेबांनी बीपीचं कारण सांगून हात आखडला, तर शेजारची बाई रडायला लागली म्हणे. "डॉक्टरचं आयकाचं असन तं घरी आयका," तुळशीरामजी म्हणतात, आणि पाहुण्यांना पंगतीच्या टोकाच्या काळ्या धोंड्याकडे नेतात. धोंड्यावर मिठाचा पांढरा थर असतो. तिथे उभं राहून ते पुढची हकीकत सांगतात.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीचा काळ होता, असं सांगतात. निमखार तेव्हा पन्नासेक घरांचं होतं. खारपट्टा असल्यामुळे विहिरीचं पाणी खारट, आणि गोडं पाणी हवं असेल तर नदीवर जावं लागे. चंपाषष्ठीचं रांधप पुंजाई नावाच्या विधवेकडे असे. अंगाने थोराड, बोलायला फटकळ. मुसळ असं चालवायची की गडीमाणसांनी बाजूला सरावं. तिला एकच मुलगा होता, हरबा.

एका पिकाच्या दिवसांत हैबत नावाचा पेंढारी टोळी घेऊन आला. गावाचं धान्य जमिनीखालच्या पेवांत लपवलेलं होतं आणि पेवांची जागा हरबाला ठाऊक होती. हैबतने त्याला चावडीपुढे बांधलं. घोड्याला दाणा चारायच्या तोबऱ्यात चुलीतली गरम राख भरली, तो हरबाच्या तोंडाला बांधला आणि पाठीत बुक्क्या घालायला लावल्या, म्हणजे दम लागावा आणि राख आत ओढली जावी. हरबा बोलला नाही. पुंजाई कडब्याच्या गंजीमागे होती. पुढे आली असती तर तिच्यापायी पोरगा बोलला असता, म्हणून तोंडात पदर कोंबून ती तिथेच बसली. शेवटी हैबतने वैतागून तलवारीच्या मुठीने हरबाचं डोकं फोडलं आणि टोळी पुढच्या गावाला गेली.

पुंजाईने पोराच्या तोंडातली राख बोटाने काढली. त्या राखेवर हात ठेवून ती म्हणाली की, हा माणूस माझ्या मुसळाने मरेल, आणि एका घावात मरेल. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं.

आता निमखारची एक रीत समजून घ्यायला हवी. खाल्ल्या मिठाला जागावं असं सगळेच मानतात. इथे ते उलटही लागू होतं. ज्याला आपल्या हाताने मीठ दिलं, त्याच्यावर देणाऱ्यानेही हात उचलायचा नाही, आणि देणाऱ्याच्या गावानेही नाही.

पुढच्या चंपाषष्ठीला भरीत कुटत असताना घोड्यांची धूळ दिसली. पळायला वेळ नव्हता. पुंजाईने बायकांना हळूच दोन गोष्टी सांगितल्या: विहिरीच्या पाण्यात भिजवलेली कणीक फेकून नदीच्या पाण्यात नवी भिजवा, आणि मिठाचं मडकं माझ्याकडे द्या, आपलं मीठ यांच्या पोटात जायला नको. मग ती पदर खोचून टोळीला सामोरी गेली.

"जेवून घ्या बाप्पा आधी. उपाशी पोटी काय लुटसान?"

वांग्याचा वास सुटला होता आणि टोळी दोन दिवसांची उपाशी होती. ते भाले वाळूत रोवून पंगतीला बसले. गरम रोडगा दोन्ही हातांनी फोडावा लागतो, त्यामुळे कुणाच्या हातात हत्यार राहिलं नाही. मिरची एवढी घातली होती की जिभा पोळल्या आणि मीठ नाही हे कुणाला कळलंच नाही. पाठीमागे उभे राहून गावकरी रिकाम्या डोण्यांत मुसळ मारत होते. पुंजाईचं मुसळ थांबलं की तुटून पडायचं, असं ठरलं होतं.

हैबत पंगतीच्या टोकाला, पुंजाईच्या डोणीजवळच होता. त्याने घास घेतला, चावला, आणि मान वर केली.

"माय, मीठ दे वं."

नाही म्हणावं तर सगळे सावध होणार आणि गाव कापलं जाणार. द्यावं तर हा सुटणार, हरबाला मारणारा हाच! पुंजाईने एका हाताने मुसळ चालू ठेवून दुसरा मडक्यात घातला, तो बाहेर काढवेना. हैबत तळहात पसरून बसला होता. तिने चिमूट त्यावर ठेवली, त्याने ती चाटली, आणि पुंजाईने मुसळ थांबवलं.

मग जे झालं ते तुळशीरामजी बायापोरांसमोर थोडक्यात सांगतात. मुसळं डोण्यांतून निघाली आणि डोक्यांवर पडली. कवट्या फुटल्या, तोंडातले घास तोंडातच राहिले. जे उठले त्यांना त्यांच्याच भाल्यांनी वाळूत खिळलं. एकजण जळत्या आरात कोसळला, त्याला बाहेर येऊ दिलं नाही. पत्रावळींत रक्त साचलं. अर्ध्या तासापूर्वी रोडगे वळणाऱ्या बायका केस मोकळे सुटेपर्यंत मारत होत्या, आणि समोरचा हलायचा थांबला तरी त्यांचे हात थांबत नव्हते.

हैबत तेवढा उरला. पुंजाईचा दीर सखाजी त्याच्यावर धावला, तर पुंजाई आडवी आली.

"त्यानं माह्या हातचं मीठ खाल्लं. त्याले हात लावाचा नाही."

सखाजीने तिला शिव्या घातल्या. हरबाचं नाव घेतलं, तिच्या तोंडावर थुंकला. ती हलली नाही. लोक पांगल्यावर ती हैबतकडे वळली.

"आजचं मीठ उद्याच्या जेवनापावतर. रोज येशीन, माह्या हातचं मीठ मांगशीन अन् खाशीन. ज्या दिवशी अळनी खाशीन, त्या दिवशी हे मुसळ हाय अन् तू हायेस."

तेव्हापासून त्याला कुणी हैबत म्हटलं नाही, मिठ्या म्हणू लागले. तो पुंजाईच्या ओसरीवर राहिला. गावाने त्याला मारलं नाही, पण सुखानेही राहू दिलं नाही. पोरं दगड मारत. एकदा सखाजीने त्याचा हात उंबऱ्यावर धरून दगडाने बोटं ठेचली, तेव्हा पुंजाईने त्यावर हळद बांधली आणि बांधताना त्याच्याकडे पाहिलं नाही. रोज ताटाच्या उजवीकडे ती मुसळ ठेवी. रोज तो हात पसरून मागे, रोज ती चिमूट टाकी. तो तिचं पाणी भरू लागला, सरपण फोडू लागला. सुरुवातीला पळाला नाही तो भीतीने. पुढे वेस उघडी असायची, पहाराही नव्हता, तरी तो गेला नाही. पुंजाई तापाने फणफणली तेव्हा पेज त्यानेच भरवली. शुद्धीवर आल्यावर तिने त्याला एकदा ‘हरबा’ म्हणून हाक मारली.

वर्षं गेली. पुंजाईचे हात कापायला लागले. एका चंपाषष्ठीला, अशाच भर दुपारी, तिने ओसरीवर घागर पाहिली. घागरीच्या बुडाला नदीची ओली वाळू होती, म्हणजे पाणी विहिरीचं खारं नव्हतं. कणीक त्यानेच भिजवली होती, रोडगे त्यानेच भाजले होते. तो ताटावर बसला, हात पसरला नाही, आणि खायला लागला.

"मीठ घे," पुंजाई म्हणाली. तो खातच राहिला. "मीठ घे रे! पाया पडतो तुह्या!"

तिने मूठभर मीठ त्याच्या ताटात टाकलं. त्याने तेवढा रोडगा बाजूला सारला, उरलेला संपवला आणि मुसळ उचलून तिच्या हातात दिलं.

"माय, तुह्या हातात जोर हाय तवाच होऊन जाऊ दे. उद्या तू गेली तं मले कोन मारन? तोबरा मी बांधला होता. मी रोज ते पायतो."

तो नदीवर जाऊन या धोंड्याला डोकं टेकून बसला. पुंजाई मागून गेली. सखाजी तोवर म्हातारा झाला होता, तोही म्हणाला, "वहिनी, ऱ्हाऊ दे." पण शब्द तिचाच होता आणि समोर बसलेल्याला तो हवा होता. तिने मुसळ उचललं. एकच घाव.

मग ती त्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन ओरडली, ते पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

"माह्ये दोन्ही पोरं तूच मारले रे!"

त्यानंतर ती जगली तेवढी अळणी जेवली.

आजही चंपाषष्ठीला निमखारात नदीच्याच पाण्यात कणीक भिजते आणि भरीत बिनमिठाचं कुटतात. पानं वाढून झाली की गावातली सर्वांत म्हातारी बाई मडकं घेऊन निघते. आधी धोंड्यावर चिमूट ठेवते, मग एकेकापुढे थांबून विचारते, "मीठ घेतं ना बाप्पा?" तळहात पसरून ‘घेतो, माय’ म्हणायचं असतं. नुसती मान हलवून भागत नाही. तोंडाने म्हणेपर्यंत ती तिथेच उभी राहते, आणि तोवर पंगतीत कुणी घास उचलत नाही.