दुसरी वायर

"...मग आता तुम्हीच सांगा उस्ताद, यात बदलायचं राहिलं काय?"

हे विचारताना संपत झोरे बॉनेटशी उभा होता, पण नजर सगळी घाटाच्या रस्त्यावर. आणि विचारण्याची तऱ्हा अशी, की जणू उस्तादांनीच काहीतरी लपवून ठेवलंय.

कासम उस्ताद करंजाच्या झाडाखाली बाकड्यावर बसून चहा पीत होते. बशीतला शेवटचा घोट घेतला. बशी पालथी घातली.

"बॅटरी कोरी आहे. जुन्या वायरी करंगळीएवढ्या होत्या, मी अंगठ्याएवढ्या टाकल्या. दोन्ही. अस्सल तांबं. टर्मिनल पितळी. आणि सेल्फ मारला की नुसतं टक्..."

उस्ताद वाकून जीपच्या खाली बघत म्हणाले, "रंग झकास दिलायस."

संपतनं दातओठ खाल्ले.

मलाही असल्या संथ माणसांचा मनस्वी वैताग येतो. इथं आमचा जीव टांगणीला, आणि हे रंगाचं कौतुक करतायत.

ही जीप मी चालवतो. घाटावर आमची वाडी, वाडीत गाडी म्हणाल तर ही एकच, आणि तीही माझ्या पिकल्या केसांइतकीच जुनी. संपतची बहीण रंजू आमच्याच वाडीत दिलेली. मागच्या खेपेला तिला खाली दवाखान्यात आणताना वाटेतल्या मधल्या चढावर जीप बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. बाळ हाती लागलं नाही.

आता रंजूचे दिवस पुन्हा भरले होते. म्हणून संपतनं जीप आपल्या गॅरेजात नेऊन सगळ्या वायरी नव्या घातल्या. काल तिथं गाडी झटक्यात सुरू झाली. आज सकाळी वरून फोन आला, कळा सुरू झाल्यात. निघालो, आणि नाक्याच्या वळणावर गाडी बंद.

धक्का मारून नेता आली असती. पण येताना त्या मधल्या चढावर बंद पडली, तर अवघडलेल्या बाईला घेऊन धक्का कोण मारणार? समोर उस्तादांचं झाड दिसलं. संपत नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. गाडी सरळ तिथं ढकलायला लावली.

नको म्हणण्याचं कारण साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. संपत या झाडाखालीच शिकला. पण उस्ताद त्याला वायरी जोडू देईनात, आधी टर्मिनल घास, गंज खरवड, म्हणायचे. एक दिवस पोरगं भडकलं. "जन्मभर काय गंजच खरवडू? आता लोक घासत बसत नाहीत, बदलून टाकतात," म्हणालं. आणि निघताना म्हणालं, "जातो."

आमच्याकडे उंबरा ओलांडताना भांडलेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. हा 'जातो' म्हणाला, आणि खरंच पुन्हा आला नाही. पुलापलीकडे त्याचं गॅरेज. एवढं जवळ.

"सेल्फ मार," उस्ताद मला म्हणाले.

टक्.

"अजून."

टक्... टक्.

"हॉर्न वाजतो, लाइट लागते," संपत म्हणाला. "म्हणजे वायरी बरोबरच आहेत."

"हॉर्नला कसलं ओझं, संप्या? खरा करंट ओढतो तो सेल्फ."

संपतनं चमकून वर बघितलं. त्याला संप्या म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नसावं.

उस्ताद उठले. त्यांनी संपतचं मनगट धरलं आणि त्याचा हात बॅटरीच्या लाल वायरीवर ठेवला.

"गरम लागतंय?"

"नाही."

हात तसाच धरून वायरीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

"इथं?"

"नाही. गार आहे. अहो उस्ताद, वेळ नाही आपल्याकडे..."

उस्तादांनी काळ्या वायरीवरून त्याचा हात खाली खाली नेला. जिथं ती गाडीच्या सांगाड्याला, चासीला, बोल्टनं आवळली होती, तिथं टेकवला.

संपतनं चटका बसून हात मागं घेतला.

"लाल वायरीनं करंट जातो, तो परत कशानं येतो?" उस्तादांनी विचारलं.

"काळीनं. अर्थिंगनं."

"मग?"

"मग ती अजून जाड टाकतो. माझ्याकडे आहे. पळत जाऊन आणतो..."

तो खरोखरच पळायला वळला. उस्तादांनी खिशातून पॉलिश पेपरचा चुरगळलेला तुकडा काढून त्याच्यापुढं धरला.

"चासीला रंग कधी दिलास?"

"वायरी बसवायच्या आधी. जुना गंज दिसू नये म्हणून..."

बोलता बोलता तो थांबला. बोल्टाकडे बघितलं. वायरीचं तोंड रंगावर बसलं होतं, लोखंडावर नाही, आणि रंगातून करंट जात नाही. घोडं कुठं पेंड खात होतं ते मलासुद्धा कळलं.

त्यानं तो तुकडा घेतला आणि जीपखाली शिरला.

खरवडल्याचा आवाज येऊ लागला. खर्र... खर्र... माझा फोन वाजला. रंजूची सासू होती. कळा वाढल्यात, कुठवर आलात? मी म्हणालो, "आलोच." आणि फोन ठेवून खिडकीतून खाली ओरडलो.

"झालं का रे?"

"रंग गेला," खालून संपत म्हणाला.

"लोखंड दिसलं?" उस्तादांनी विचारलं.

"...नाही अजून. खाली गंज आहे."

"मग झालं नाही. इंजिनाखालच्या चपट्या वायरीलाही तसंच कर, तीही अर्थिंगचीच."

पुन्हा खर्र... खर्र... मी स्टिअरिंग धरून नुसता चुळबुळत होतो. शेवटी संपत बाहेर आला. केसांत रंगाचा भुगा, बोटं सोललेली. बोल्ट आवळून, वर ग्रीस लावून झालं होतं.

"मारा आप्पा."

मी चावी फिरवली, आणि गाडी उसळून सुरू झाली. मी गिअर टाकणार, तेवढ्यात उस्तादांनी खिडकीतून हात घातला आणि चावी बंद केली.

माझ्या तोंडून शिवी जाता जाता राहिली.

"सुरू तर कालही झाली होती," उस्ताद म्हणाले. "मार."

सुरू झाली. त्यांनी पुन्हा बंद केली. "मार." पुन्हा सुरू झाली. मग त्यांनी संपतकडे नुसतं बघितलं. या खेपेला मनगट धरावं लागलं नाही. संपतनं आपणहून वाकून बोल्टावर हात ठेवला, आणि बराच वेळ ठेवला.

"गार आहे, उस्ताद."

मग त्यानं बॉनेट दाबून लावलं.

तो माझ्या शेजारी चढला. गाडी हलली तसा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "येतो, उस्ताद."

उस्तादांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते बाकड्याकडे वळले होते.

वाडीत पोचल्यावर रंजूच्या दारात जीप बंद करायला माझं मन धजेना. संपत म्हणाला, "करा बंद, आप्पा." केली. रंजूला मागं नीट निजवलं, चावी फिरवली, पहिल्याच खेपेला इंजिन लागलं. वाटभर तो बहिणीचा हात धरून बसला होता. दुपार कलताना तिला मुलगी झाली. दोघीही सुखरूप. मी बापई माणूस, पण दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो.

संध्याकाळी घरी सोडतो म्हटलं, तर संपत म्हणाला, "नाक्यावर थांबवा."

उस्ताद त्याच झाडाखाली होते. संपत जवळ गेला, पाया पडला. मग तो पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्यापुढं धरला. दिवसभर मुठीतच होता तो.

"मुलगी झाली उस्ताद. रंजू बरी आहे."

उस्तादांचे डोळे भरले. त्यांनी बाकड्यावरची बशी सुलटी केली, आपल्या कपातला अर्धा चहा तिच्यात ओतला आणि बशी संपतकडे सरकवली. तुकडा काही घेतला नाही.

संपत बसला. एक घोट घेतला. मग न राहवून त्यानं विचारलंच, "सकाळी घाईत होतो. गाडीत अजून काही राहिलं असेल तर सांगा..."

उस्तादांनी गाडीकडे पाहिलंच नाही.

"राहिलं होतं. परत येणारी दुसरी वायर आत्ता लागली."