हात वाळेस्तोवर

"पण माझं चुकलं कुठं, फादर?"

हेरंब चिकोडेनं पुन्हा तेच विचारलं.

फादर इनास तुस्कानो चुलीवरचा घेवडा ढवळत राहिले. माणूस मूळचा वसईचा, पण अर्धं आयुष्य मेक्सिकोतल्या या गावच्या चर्चमध्ये गेलेलं. गावात मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हेरंब त्यांच्या अंगणात आला होता. खरं म्हणजे, तुझं काही चुकलं नाही, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

हेरंबची कंपनी इचलकरंजीची, पाण्याचे पंप बनवणारी. या मुलखात पंप विकायचे तर डॉन अन्सेल्मो, म्हणजे आपल्याकडचे अन्सेल्मोराव, या बड्या व्यापाऱ्यानं एजन्सी घ्यायला हवी. तो नाही म्हणाला, की ऑफिसला कुलूप आणि हेरंबनं कामावर ठेवलेली इथली माणसं घरी.

"त्यानं घरी जेवायला बोलावलं. मी वेळेवर गेलो. शेवटचा घास संपला तसा उठलो, हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. माल दाखवला, भाव सांगितला. त्याचं एक मिनिट फुकट घालवलं नाही. तर हा नुसता गोड हसला. म्हणाला, बघू..."

"मग?"

"मग काय! कामाचं नाव नाही. उद्या पुन्हा जेवायलाच बोलावलंय. खाण्यापुढं काही दिसतं का हो या लोकांना?"

"तू जेवलायस का?"

"नाही."

"मग बस."

मक्याच्या पातळ पोळ्या, घेवडा आणि कसलीशी हिरवी भाजी. हेरंबनं ती बोटानं उलटून पाहिली.

"फादर, हा निवडुंग आहे?"

"हं."

"आमच्याकडं कुंपणाला लावतात."

"आमच्याकडंही. खा."

त्यानं खाल्ली, वर मागूनही घेतली. ताट निपटलं आणि सवयीनं उठून नळाकडे वळला.

"कुठं निघालास?"

"हात धुतो."

"का? कुणी हाकलतंय का तुला? इथं जेवण झालं की कुणी लगेच उठत नाही."

हेरंब ओशाळून खाली बसला. खरकट्या हातानं बसू नये, हे आईनं लहानपणापासून बजावलेलं. हात कुठं ठेवावा हेच त्याला कळेना.

फादर भिंतीला टेकून ऐसपैस बसले.

मग म्हणाले, "वडील काय करतात तुझे?"

"दादा गेले. कंपनी त्यांचीच. पहिला पंप त्यांनी मामाच्या विहिरीवर बसवला होता. पाणी असं उसळलं, की पाइप हातातून सुटला. दादा धोतरासकट भिजले आणि तसेच नाचले. आई म्हणाली, आवरा आता, माझ्या माहेरचे बघतायत..."

बोलता बोलता हेरंब थांबला. ही गोष्ट त्यानं किती वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

"मी इथं आलो तेव्हा," फादर म्हणाले, "बिशपांशेजारी जेवायला बसवलं मला. वसईचा गडी, मिरचीला काय भ्यायचं, म्हणून एक हिरवी अख्खीच चावली. ढसाढसा रडलो."

"मग हो?"

"बिशपांना वाटलं, भक्तीनं रडतोय. जवळ घेतलं मला."

हेरंब पोट धरून हसला. मग त्यानं धाकट्या बहिणीच्या लग्नातला घोळ सांगितला, फादरनी वसईतल्या केळीच्या बागांचं सांगितलं. ऊन अंगण सोडून भिंतीवर चढलं. हात वाळून कडक झाला होता, पण हेरंबला त्याचं भान नव्हतं. बरं वाटत होतं, एवढंच.

मग एकदम तो दचकला.

"अहो फादर, उद्याचं राहिलंच की! जेवण झाल्यावर कामाचं बोलणं नेमकं कधी काढू?"

फादरनी इथल्या रीतीनं मडक्यात उकळलेली कॉफी सावकाश त्याच्या पेल्यात ओतली.

"आठवलं का तुला काम?"

"हो, आत्ताच."

"मग अजून वेळ झाली नाही. बस."