नदीकडे पाठ

"पण तो इथं बघायचा काय?"

अंकुशनं तिसऱ्यांदा विचारलं.

गिरीबुवा तांदूळ निवडत होते. खडा सापडला की तो उजेडाकडे धरून बघायचे, मग बाजूला ठेवायचे. घाई म्हणून काही असतं, हे त्या बोटांना ठाऊकच नव्हतं.

"कोण?"

"हणमंत. माझा भाऊ. दर माघात वाईला यायचा. तुमच्याच मठात उतरायचा. दोन दोन दिवस. सात वर्षं!"

"उजव्या हाताची करंगळी वाकडी?"

"व्हय."

"गवंडी."

"व्हय, व्हय. तोच."

"मग यंदा तो का नाही आला?"

अंकुशनं पाठीवरची सॅक फरशीवर आपटली. निळी, विटलेली सॅक, एक पट्टा सुतळीनं शिवलेला. सॅक भावाचीच होती.

"मेला," तो म्हणाला. "कावीळ झाली. अकरा दिवसांत खलास. आज बत्तिसावा दिवस."

बुवांची बोटं थांबली…

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं. चार-पाच आपटण्या झाल्या. मग बोटं पुन्हा चालू लागली.

"जेवलास?" बुवांनी विचारलं.

*

दोघे भाऊ विट्याकडचे. हणमंत भिंती बांधायचा आणि अंकुश त्याच्या हाताखाली माल कालवायचा. सातवीत मास्तरांशी भांडून अंकुश शाळेतून जो बाहेर पडला, तो सरळ भावाच्या कामावरच येऊन उभा राहिला होता. दादानं एक शब्द विचारला नाही. घमेलं दिलं हातात.

तर हा दादा माघ आला की सॅक भरायचा, लाल गाडी पकडायचा आणि वाईला जायचा. परत आला की आठवडाभर विटा लावताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा.

"काय बघितलंस एवढं?" अंकुश विचारायचा.

"तू चल की. राहायला फुकट, जेवायला फुकट, बघायला फुकट."

"फुकटात तर मी घरीबी लोळतोय!"

सात वर्षं हेच. यंदा दिवाळीच्या सुमाराला दादा पुन्हा म्हणाला, औंदा तरी चल. तेव्हा अंकुश चार माणसांत बोलून गेला होता, "त्या मूठभर गावात हाय तरी काय? बाई ठेवलीयस का तिथं?"

माणसं हसली. दादाही हसला. पण पुन्हा त्यानं विचारलं नाही.

आता विचारणारा राहिला नव्हता. आणि अंकुशच्या डोक्यानं एकच धरलं होतं: दादा जे बघायचा ते आपण बघायचं. ते दिसलं नाही, तर बावीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो तो माणूस कोण होता, हे आपल्याला कळलंच नाही म्हणायचं.

*

मठ कसला, नदीच्या पायऱ्यांवर एक ओसरी, मागं दोन खोल्या, एक चूल. वाटसरूनं यावं, पथारी टाकावी. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारी पोरं, सायकलवाले, कधी एखादी एकटी मास्तरीण.

बुवांनी फडक्याखालची भाकरी काढली. वर वांग्याची भाजी.

अंकुश भुकेला होता. मान खाली घालून खात सुटला. तिसऱ्या भाकरीला भान आलं.

"तुमच्या हाताला चव हाय, महाराज."

"महाराज म्हणू नको, बुवा म्हण. आणि हात माझा नाही. सकाळी जळगावची एक मुलगी गेली, तिनं करून ठेवलं."

"माझ्यासाठी?"

"तुला ती कुठून ओळखणार? जो येईल त्याच्यासाठी. इथं कुणी स्वतःसाठी रांधत नाही. जाणाऱ्यानं करून जायचं, येणाऱ्यानं खायचं."

"आन कुणी आलंच न्हाय तर?"

"तर माझी चैन."

"मग तिनं काय खाल्लं हुतं?"

"तिच्या आधीच्यानं केलेला भात. कच्चट होता. बिचारी काही बोलली नाही."

अंकुशला हसू आलं. बत्तीस दिवसांत पहिल्यांदा आलं होतं. तो घटाघटा पाणी प्यायला आणि उठला.

"मला वाई दाखवा."

"पाय आहेत ना तुला?"

*

दुपारी तीनच्या सुमारास तो घामाघूम होऊन परत आला.

"झालं बघून. समदं."

"समदं?"

"ढोल्या गणपती बघितला. सातीच्या साती घाट बघितले. मेणवलीपतूर चालत गेलो, ती थोरली घंटा बघितली. शिनेमावाले जिथं नाचतात ते देऊळ बघितलं. बाजार बघितला, हळदीनं नाक भरलं. दहा रुपयाची भेळ खाल्ली, ती तेवढी झाक हुती."

"मग?"

"मग काय? काय बी न्हाय! गाव देखणं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर गवंड्यानं सात वर्षं गाडीभाडं घालून यावं असं काय हाय त्यात?"

बुवा चंदनाचं खोड सहाणेवर फिरवत होते.

"खरं सांगा, बुवा. बाई हुती का?"

"नव्हती."

"दारू? जुगार?"

"बस खाली. पायऱ्यांवरून पडशील."

"मला सांगा ना काय बघायचा त्यो!"

"बघायला आलायस. सांगितलेलं घेऊन काय करशील?"

अंकुशचं टाळकं फिरलं. "तुमास्नी ठाव न्हाय! उगं गूढ बोलायचं आन गप बसायचं. आमच्या गावात बी एक हाय असला बुवा. नारळ घेतो आन मुंडी हलिवतो."

"नारळ मीही घेतो," बुवा म्हणाले. "आणलायस?"

बुवांनी हात पुसले आणि घाटाकडे बोट केलं.

"तिसरी पायरी. डाव्या अंगाला, दगड थोडा खचलेला आहे. तिथं बसायचा."

अंकुश धावतच गेला. खचलेला दगड सापडला. तो बसला, डोळे ताणून समोर बघू लागला.

कृष्णेचं पाणी होतं. पाण्यात म्हशी होत्या. पलीकडं झाडी, तिच्यावर डोंगर. एक म्हातारा कंबरभर पाण्यात उभा राहून अंगाला साबण लावत होता आणि काठावरच्या म्हातारीशी भांडत होता.

ऊन उतरेपर्यंत तो बसून राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते ताणल्यामुळं. म्हशी गेल्या. म्हातारा गेला.

दादा मात्र कुठंच दिसला नाही.

*

सकाळी त्यानं सॅक भरली.

"जातो. तुमची वाई तुमालाच लखलाभ."

"चूल तिकडं आहे," बुवा म्हणाले. "पीठ डब्यात."

अंकुश विसरला होता. कपाळाला आठ्या घालूनच तो चुलीपुढं बसला. पण भाकरीचा हात त्याला चांगला होता. कामावर पत्र्याच्या खोलीत दोघांचा स्वयंपाक तोच करायचा. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, फिरवली, मग निखाऱ्यापुढं उभी केली. चांगली कड काळी होईस्तोवर. दादाला तशीच लागायची. करपलेली कड तो आधी मोडून घ्यायचा आणि डोळे मिटून कुडुमकुडुम चावायचा.

मग लसूण घेतली, हिरव्या मिरच्या घेतल्या. सात घ्यायच्या त्या बारा घेतल्या. दादाला तसाच ठेचा लागायचा.

चार भाकरी झाल्या. त्यानं त्या ठेच्यासह ओसरीवरच्या परातीत ठेवून फडक्याखाली नीट झाकल्या. एकदा झाकल्या, पुन्हा उघडून बघितल्या, पुन्हा झाकल्या.

"साडेआठची गाडी आहे तुझी," बुवा म्हणाले.

"जातो की."

तो ओसरीवरून उतरला. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर पाय अडखळला.

"बुवा… आता कोण येईल?"

"काय माहीत."

"थांबलं तर चालतं का? कोण खातो ते बघून जातो."

"नाही चालत. करायचं आणि जायचं. कुणी खाल्लं ते बघायचं नाही. मठाचा नियम आहे."

"कुणीच थांबत न्हाय?"

बुवांनी खचलेल्या दगडाकडे बघितलं.

"एक थांबायचा."

अंकुशच्या पाठीवरची सॅक घसरली.

"आन तुम्ही चालवून घ्यायचा?"

"या वयात मला तिसऱ्या पायरीपर्यंतचं दिसत नाही."

असं म्हणून बुवा तिन्ही पायऱ्या खटाखट उतरून आले. अंकुशला खांद्यांना धरून त्यांनी खचलेल्या दगडावर बसवलं. तो कालच्यासारखाच नदीकडे तोंड करून बसला. बुवांनी त्याचे खांदे धरले आणि गर्रकन त्याला फिरवलं. नदी पाठीमागं गेली. समोर मठाची ओसरी, ओसरीवर ती फडक्यानं झाकलेली परात.

काही न बोलता बुवा वर निघून गेले.

साडेआठची गाडी गेली. साडेनवाचीही गेली असणार.

दहाच्या पुढं एक पोरगा आला. पाठीवर त्याच्याहून उंच बॅग, नाक उन्हानं सोललेलं, तोंडाचा पट्टा चालू.

"नमस्कार बाबा! मी सिन्नरचा. कुणीतरी सांगितलं इथं झोपायला मिळतं, जेवायलाही. लॉजवाल्यानं भाव ऐकवला तर म्हटलं, लॉज विकत घेतोय का मी? काल रात्रीपासून बिस्किटांवर आहे हो…"

बुवांनी परातीकडे बोट केलं.

पोरानं फडकं काढलं. "आई शपथ! भाकरी!" हातपाय न धुता तिथंच मांडी ठोकली.

तिसऱ्या पायरीवर अंकुशनं गुडघे घट्ट धरले होते.

पोरानं भाकरी उचलली. उलटसुलट केली. आणि चहूबाजूंनी काळी कड मोडून त्यानं परातीच्या काठाला टाकली.

"थोडी करपलीय," तो म्हणाला.

अंकुश कसा उठला, दोन पायऱ्या कशा चढला, त्याचं त्याला कळलं नाही. त्यानं परात पोरापुढून ओढली.

"टाकायची न्हाय ती! कळलं? कड टाकायची न्हाय! तुझ्यासाठी न्हाय केली ती!"

पोराच्या हातातला घास तसाच राहिला…

बुवा जागचे हलले नाहीत.

"चुकलं का माझं, दादा?" पोरगा हळूच म्हणाला. "मला वाटलं, येणाऱ्यासाठी असतं."

अंकुशनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्या पोराच्या घामेजल्या शर्टावर बिस्किटाचा भुगा पडला होता. तो बारीक अंगाचा होता. भुकेला होता, आणि आता पुरता घाबरला होता.

अंकुशनं परात खाली ठेवली. सरकवून त्याच्यापुढं केली.

"खा," तो म्हणाला. "खा, तुझ्यासाठीच हाय."

पोरानं त्याच्याकडे बघितलं, बुवांकडे बघितलं. मग काठाला टाकलेली काळी कड उचलली, तिला भरपूर ठेचा लावला आणि जणू शिक्षा भोगतोय तशी तोंडात टाकली. कुडुम, कुडुम…

चावता चावता त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे भारी लागतंय की!" तो म्हणाला आणि त्यानं दुसरी कड उचलली. मग तिसरी. डोळे मिटले. नाकातून पाणी वाहायला लागलं, कान लाल झाले, तरी तो खातच होता. हसतही होता.

अंकुश उभा होता. त्याच्याकडे बघत होता. बत्तीस दिवस कोरडे राहिलेले डोळे आता मोकळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"बुवा…" तो म्हणाला. "दादा हेच बघायचा?"

तेवढ्यात पोराला ठसका लागला. ठेचा घशात गेला. तो छाती धरून वाकला, खोकू लागला.

"बघतोस काय?" बुवा म्हणाले. "पाणी दे त्याला."